पुतळाबाईंची खळ

दि. १५ सप्टेंबर १९९३ रोजी, हसुराम घरत यांच्या तेराव्याला, त्यांचे धाकटे भाऊ गोटीराम यांनी वहिनीच्या हातात रोख रुपये सत्तावीस हजार पाचशे ठेवले आणि एका कागदावर तिचा अंगठा घेतला. पैसे मेल्या माणसाची भरपाई म्हणून होते. कागदावर लिहिलं होतं की आता कसलीही तक्रार उरलेली नाही. पुतळाबाईंनी नोटा मोजल्या नाहीत. त्यांनी अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि आलेल्या पाहुण्यांना पानं वाढायला त्या आत गेल्या.

घरत मंडळी जासईची. जमिनी सरकारात गेल्या तेव्हा भरपाई दोघा भावांना सारखीच मिळाली. हसुरामनं दोन खोल्या बांधल्या आणि उरलेलं बँकेत ठेवलं. गोटीरामनं सपाट तळाची जुनी मालवाहू बोट, बार्ज, घेतली, मग दुसरी, मग आणखी दोन. नाव्हाशेव्याला नवं बंदर सुरू झालं होतं. जहाजांना गोडं पाणी नेऊन द्यायचं, आणि जहाजांच्या तळाशी साचलेलं काळं तेलकट पाणी पंपानं ओढून आणायचं, हा त्याचा धंदा. थोरला भाऊ त्याच्या ‘भाग्यलक्ष्मी’ बार्जवर सारंग, म्हणजे बार्ज चालवणारा मुख्य खलाशी, झाला. सारंगाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते हसुरामकडे नव्हतं. दर वर्षी गोटीराम म्हणे, “पुढचे सालाला बसवतो तुला परीक्षेला, दादा. आता सीझन तोंडावर आला.”

३ सप्टेंबरला भाग्यलक्ष्मी काळं तेल भरून परत येताना लाटेत कलंडली. बाकीचे तिघे खलाशी बार्जेच्या कडेला बांधलेल्या टायरांना धरून राहिले. हसुराम पट्टीचा पोहणारा, पण त्या तेलात पोहता येत नाही. तोंडात जातं, डोळे मिटतात, हात घसरतात. अंगावर लाइफ जॅकेट असतं तर माणूस नुसता पडून राहिला तरी तरंगतो. त्या दिवशी बार्जवर एकही जॅकेट नव्हतं.

याचं कारण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. गोटीरामच्या बार्ज चार, आणि जॅकेटं सगळी मिळून अठरा, म्हणजे एका बार्जेपुरती. सरकारी तपासणी, म्हणजे सर्व्हे, ज्या बार्जचा असेल तिच्यावर ती अठरा जॅकेटं जायची. आदल्या दिवशी त्याच्या ‘गावदेवी’ बार्जचा सर्व्हे झाला होता आणि जॅकेटं तिथेच राहिली होती.

चौकशीत गोटीरामनं सांगितलं, “जॅकेटं भाग्यलक्ष्मीवर होती. सारंगानं वाटली नाहीत. त्याच्याकडे प्रमाणपत्रही नव्हतं, मला म्हणाला होता आहे म्हणून.” वाचलेल्या तिघांनी माना डोलावल्या. महिनाभरात तिघेही गोटीरामच्या दुसऱ्या बार्जांवर लागले. अहवालात दोष मेलेल्या माणसावर आला.

तेल खाडीत शिरलं होतं. चिखलातल्या निवट्या मासळ्या मेल्या, चिंबोऱ्यांना, म्हणजे खेकड्यांना, रॉकेलचा वास यायला लागला, कोलंबी दोन वर्षं दिसली नाही. बाजारात बसणाऱ्या बायका गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की म्हणायच्या, “काय करू, ताई, हसुरामचा तेल हाय ह्यो.” त्याच्या मुलीला, मनस्वीला, शाळेत पोरं ‘तेल्याची’ म्हणायची. एवढं सगळं नवरा गेल्यावर पुतळाबाईंच्या घरात आलं.

मी हे सांगू शकतो कारण त्या वर्षीच्या डिसेंबरात त्या आमच्या वर्कशॉपमध्ये नोकरी मागायला आल्या. शिरवण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बाबासो मोहिते यांचं हे वर्कशॉप आहे. जहाजांची आणि बार्जांची लाइफ जॅकेटं, तरंगती कडी, आग विझवायची नळकांडी तपासून दुरुस्त करायची आणि तसा दाखला द्यायचा, हे आमचं काम. हिशोब माझ्याकडे. गोटीराम आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यानंच बाबासोंना सांगितलं, “वयनीला ठेवा. शिवनकाम येतं तिला. घरातला मानूस घरातल्याच कामाला लागंल.” त्याला वाटलं, प्रकरण मिटलं. पैसे घेतले, अंगठा दिला, आता ही बाई आपली जॅकेटं शिवील आणि गप्प बसेल.

पुतळाबाई खरंच गप्प बसल्या. फाटलेली शिवण उसवायची, आतला फोम पाहायचा, नवे पट्टे लावायचे, शिट्टीची दोरी बदलायची, दिवसभर मान खाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं की त्याच माणसाचं काम करताना त्रास होत नाही का. त्या भाकरी मोडत होत्या.

“भाऊ, मना त्याचे पैसे नको. त्याची बार्ज पन नको,” त्या म्हणाल्या. “मना त्याचे तोंडातून एक आयकायचा हाय. जॅकेटा नवती. येवढाच. चार मानसांत, मोठ्यानं.”

“तो कशाला म्हणेल?”

“म्हनंल. मना घाई नाय.”

सर्व्हे दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबर लागता लागता, पावसाळी बंदी उठायच्या सुमाराला. नियमानं प्रत्येक जॅकेटावर बार्जचं नाव रंगवलेलं हवं. अठरा जॅकेटं तीन बार्जांवर दाखवायची तर नाव रंगवून चालत नाही. म्हणून नारिंगी कापडाच्या पट्ट्यांवर नावं छापायची, ज्या बार्जचा सर्व्हे असेल तिची पट्टी जॅकेटाच्या छातीवर धावदोऱ्यानं टाचायची, साहेब चहा-जेवणाला गेले की पट्टी उसवायची आणि दुसरी टाचायची. हे टाचायचं-उसवायचं काम पुतळाबाईंकडे आलं. तीन सर्व्हे त्यांनी असे पार पाडले. नवऱ्याला ज्या लबाडीनं मारलं तीच लबाडी त्या स्वतःच्या सुईनं करत होत्या. गोटीराम त्यांच्यावर इतका खूश होता की दिवाळीला मिठाईचा डबा पाठवायचा. तो डबा त्या वर्कशॉपच्या कुत्र्याला घालायच्या, एक एक पेढा, हातानं.

गोटीराम आला की थट्टा करायचा. “वयनी, नीट शिव गो. उद्या मी बुडालो तर तुलाच रडाला लागंल.”

“तुमी नाय बुडाचे, भावजी,” त्या मान वर न करता म्हणायच्या. “हलका मानूस तरंगतो.”

तो मोठ्यानं हसायचा. बाबासोही हसायचे. मी हसत नसे.

सन १९९७ मध्ये फेब्रुवारीपासून खलाशांच्या प्रमाणपत्रांचे नवे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले आणि बंदरातली सगळीच हवा जरा कडक झाली. त्या पावसाळ्यात बार्जांच्या सर्व्हेला नवे साहेब आले. केळुसकर त्यांचं नाव, वयानं तरुण, मालवणकडचे. आधीचे साहेब खुर्चीत बसून जॅकेटं मोजायचे. हे म्हणे मोजत नाहीत, उचलतात आणि सरळ पाण्यात टाकतात. सिगारेट संपेपर्यंत बघत राहतात. ज्यांची जॅकेटं बुडाली त्या दोन मालकांचे परवाने अडकले होते.

बाबासो काळजीत पडले. गोटीराम मात्र बिनघोर होता. “टाकू दे की पान्यात! माजी जॅकेटा झक्कास हायत. वयनीनं शिवलीत.”

सर्व्हेच्या आधी चार दिवस नारळी पौर्णिमा झाली. तिच्या दुसऱ्या दिवशी पुतळाबाई घरून स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत तांदळाच्या पिठाची शिजवलेली खळ होती, घट्ट, पांढरी. त्यांनी बाबासोंना सांगितलं, “या खेपेला पट्ट्या टाचीत नाय, चिकटवते. दर साली टाचून जॅकेटाला सुयेची भोका पडलीत. नवा सायब बघंल. खलीनं चिकटवली का भोका नाय, आन काढताना ओला फडका फिरवला का झाला.”

बाबासोंनी खळ बोटावर घेऊन पाहिली. “बाई हुशार हाय बगा, दिनानाथराव. मला सुचलं न्हाई हे.”

त्याच दिवशी दुपारी बाबासो जेवायला घरी गेले. मी पाणी प्यायला मागच्या खोलीत गेलो तर पुतळाबाई अठराही जॅकेटं फरशीवर मांडून बसल्या होत्या. हातात पत्र्याचा जुना छाप होता. प्रत्येक बार्जच्या नावाचा असा कोरलेला छाप आमच्याकडे असतो. पत्र्यावर ब्रश फिरवला की खाली अक्षरं उमटतात. त्यांच्या ब्रशाला झटपट सुकणारा लाल पेंट होता. जॅकेटांच्या छातीवर, जिथे पट्टी बसते तिथे, त्या ‘भाग्यलक्ष्मी’ रंगवत होत्या.

मी दारात थांबलो. त्यांनी हात थांबवला नाही.

“यावर पट्टी येणार?” मी विचारलं.

“येनार. गावदेवीची.”

“पावसात नेताना निघेल.”

“म्हनून तर तुमाला सांगते. टेम्पोत पिलास्टिक घाला.”

मी दाराला आतून कडी लावली आणि पेंट सुकेपर्यंत तिथेच उभा राहिलो. बाबासो आले तेव्हा अठरा जॅकेटांवर अठरा नारिंगी पट्ट्या होत्या, काठ नीट दाबलेले. बाबासोंनी नख लावून पाहिलं. पट्टी हलली नाही.

सर्व्हे २२ ऑगस्टला, शुक्रवारी. सकाळी भुरभुर होती. मी टेम्पोत दोन प्लॅस्टिकं घातली, शिवाय माझी छत्री उघडून मागच्या बाजूला धरून बसलो. दाखले माझ्याकडे होते. पुतळाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पुढच्या दोन बार्जांच्या पट्ट्या आणि खळीचा डबा. साहेब जेवायला गेले की त्यांनी त्या बदलायच्या, असं ठरलं होतं.

धक्क्यावर गर्दी होती. तिन्ही बार्जांचे खलाशी, त्यांच्यात हसुरामबरोबर बुडता बुडता वाचलेले ते तिघेही. मासळी उतरवायला आलेल्या बायका. पाण्यात पौर्णिमेचे नारळ आणि झेंडूचे हार अजून हिंदकळत होते. गोटीराम पांढऱ्या सफारीत, गळ्यात चेन, साहेबांसाठी शहाळं घेऊन उभा.

केळुसकरांनी शहाळं घेतलं नाही. ते गावदेवीवर चढले, पंप पाहिला, काळ्या तेलाची टाकी उघडायला लावली, तेल कुठे उतरवता म्हणून विचारलं. मग धक्क्यावर उतरून म्हणाले, “जॅकेटं आणा.”

अठरा जॅकेटं रांगेत मांडली. त्यांनी न बघताच मधली चार उचलली आणि धक्क्यावरून पाण्यात टाकली. सिगारेट पेटवली.

जॅकेटं डौलात तरंगत होती. गोटीराम हात चोळत म्हणाला, “बघा सायब, बदका जशी!”

बायका हसल्या. पुतळाबाई टेम्पोतून उतरून कडेला येऊन उभ्या राहिल्या. सिगारेट अर्धी झाली. लाटेनं एक जॅकेट उलटलं, पुन्हा सुलटलं आणि त्याच्या पट्टीचा एक कोपरा सुटला. मग दुसऱ्याचा. मग एक अख्खी पट्टी हळूच वेगळी झाली आणि झेंडूच्या हाराशेजारी जाऊन राहिली. गोटीराम अजून हसत होता, कारण त्याची नजर साहेबांवर होती.

साहेबांची नजर पाण्यावर होती. “भाग्यलक्ष्मी,” त्यांनी वाचलं. “ही कुठली बार्ज?”

हसणाऱ्या बायका कडेला सरकून पाण्यात बघायला लागल्या. गोटीरामनं पाण्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा मी पाहिला. पाच वर्षं त्या चेहऱ्याला मी ‘या शेठ’ म्हणत आलो होतो. त्या क्षणी तो उतरताना बघून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

“ती... जुनी हाय, सायब. नाय आता.”

“म्हणजे विकली?”

“बुडाली.”

“कधी?”

“त्र्याण्णवला.”

केळुसकरांनी उरलेल्या चौदांपैकी एक उचललं, पट्टीवर बाजूला ठेवलेल्या शहाळ्याचं पाणी ओतलं आणि अंगठ्यानं घासलं. खाली तीच लाल अक्षरं. “बार्ज बुडाली आणि तिची जॅकेटं कोरडी राहिली?”

“वर्कशॉपवाल्याची चूक हाय, सायब! त्यानं चुकीचं नाव घातलं.” गोटीराम माझ्याकडे वळला. “ओ, सांगा ना, भाऊ!”

साहेबांनीही माझ्याकडे पाहिलं. मी दाखल्यांची फाइल काखेत धरली होती, पण ती उघडायची गरज नव्हती.

“साहेब, नाव चुकीचं की बरोबर ते शेठ सांगतील,” मी म्हणालो. “मला एवढंच माहीत आहे की ही अठरा जॅकेटं आमच्याकडे ब्याण्णव सालापासून तपासायला येतात. हीच अठरा. यांची दुसरी जॅकेटं आमच्याकडे कधी आली नाहीत.”

“आणि बार्ज किती?”

“आज तीन. तेव्हा चार.”

केळुसकरांनी सिगारेट पायाखाली विझवली. “घरत, भाग्यलक्ष्मी बुडाली त्या दिवशी ही जॅकेटं कुठं होती?”

खलाशांमधले ते तिघे एकमेकांच्या मागे सरकायला लागले.

“सांगा ना, भावजी,” पुतळाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. “सायब इचारतान.”

“तू गप ऱ्हा, वयनी.”

“चार वर्सा गप होते. आता तुमी बोला.”

“घरत, उत्तर द्या,” साहेब म्हणाले. “होती बार्जवर, तर इथं कशी आली? नव्हती, तर चौकशीत तुम्ही काय सांगितलंत ते मी आज काढून वाचणार आहे.”

आता होती म्हणायलाही वाट नव्हती. गोटीरामनं चेनशी चाळा केला. “गावदेवीवर,” तो पुटपुटला. “आदले दिवशी सर्व्हे होता तिचा.”

“म्हंजे भाग्यलक्ष्मीवर?” पुतळाबाई.

“नवती.”

“आयकू नाय आला.”

“नवती!” तो ओरडला. “नवती जॅकेटा! झाला तुजा समाधान?”

बायकांपैकी एक म्हातारी, राहीबाई, जिनं चार वर्षं बाजारात ‘हसुरामचं तेल’ म्हणून मासळी विकली होती, तिनं टोपली खाली ठेवली आणि धक्क्यावर थुंकली, गोटीरामच्या बुटांच्या जवळ. पुतळाबाई टेम्पोत जाऊन बसल्या आणि डब्यातली उरलेली खळ त्यांनी बाहेर ओतून टाकली.

पुढचं भराभर झालं. तिन्ही बार्ज धक्क्यालाच थांबवल्या. जुनी चौकशी पुन्हा उघडली आणि त्या तिघा खलाशांनी आता दुसऱ्या दिशेला माना डोलावल्या. ‘गावदेवी’च्या टाकीतलं काळं तेल उतरवण्याच्या जागेऐवजी खाडीत सोडलं जात होतं, हेही निघालं. बंदरातलं काम गेलं. आमच्या वर्कशॉपलाही पट्ट्यांबद्दल नोटीस आली आणि दाखला द्यायचा आमचा परवाना सहा महिने थांबला. बाबासोंनी पुतळाबाईंना त्याच आठवड्यात काढून टाकलं.

“माझं गिऱ्हाईक बुडवलं, माझा धंदा बुडवला,” बाबासो मला म्हणाले. “तुमी तरी गप बसायचं हुतं, दिनानाथराव.”

“साहेबांनी विचारलं,” मी म्हणालो.

पुतळाबाई जासईजवळच्या कंटेनरच्या गोदामात फाटलेली पोती शिवायला लागल्या. पगार निम्मा. गावात गोटीरामच्या बार्जांवर कामाला असलेली माणसं घरी बसली, त्यांच्या बायकांनी पुतळाबाईंशी बोलणं सोडलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला भेटल्या की बाजारात आता बायका काय म्हणतात ते तेवढं सांगायच्या. चिंबोरीला वास आला की म्हणतात, “गोटीरामचा तेल हाय ह्यो.” हे सांगताना त्या हसायच्या. त्या हसण्यात माया नव्हती आणि मला त्यात माया हवीही नव्हती.

जानेवारीत गोटीरामनं तिन्ही बार्ज भंगारवाल्याला दिल्या. त्यानंतरच्या रविवारी पुतळाबाई माझ्या नेरुळच्या घरी आल्या. म्हणाल्या, “भाऊ, उरणला चला. लुगडा घ्याचा हाय. थोडे पैसे कमी हायत.”

कुणाच्या घरी माणूस गेलं की नातलगांनी तिथल्या बाईला नवं लुगडं नेऊन द्यायचं, त्याला दुखवटा म्हणतात. मला वाटलं, त्यांच्या माहेरचं कोणी गेलं. उरणच्या दुकानात त्यांनी हिरव्या काठाचं लुगडं पसंत केलं, घासाघीस केली, कमी पडले तेवढे पैसे मी घातले. मग त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, “जासई. गोटीराम शेठच्या बंगल्यावर.”

मी उतरू शकलो असतो. उतरलो नाही. बघायचं होतं.

बंगल्याच्या ओट्यावर गोटीराम बनियनवर बसला होता. त्याची बायको बयाबाई दारात आली. पुतळाबाईंनी लुगडं तिच्या पायांपाशी ठेवलं, रीतीप्रमाणे, हळदकुंकू न लावता.

“ह्यो काय?” बयाबाई किंचाळली. “कुनाचा दुखवटा आनलास गो? माजा मानूस जिता हाय!”

“हाय ना. दिसतो मना,” पुतळाबाई म्हणाल्या. “बार्जांचा आनलाय. माजा एक गेला तवा तू एक लुगडा आनलास. तुजे तीन गेले. मना एकच परवडला.”

बयाबाई लुगडं पायानं लोटणार होती. गोटीराम मान वर न करता म्हणाला, “घे गो ते.”

“आवो, पन...”

“घे म्हनतो ना. घे आन आत जा.”

बयाबाईनं ते उचललं. दुखवटा घेतला म्हणजे घरात मयत झाली हे कबूल केलं. पुतळाबाई तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या. त्या वळल्या, फाटकाची कडी नीट लावली आणि गोदामाच्या वाटेनं चालायला लागल्या. मला म्हणाल्या, “पगार झाला का तुमचा देते, भाऊ.”

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. लुगड्याचे पंचावन्न रुपये पुतळाबाईंकडून मला येणे आहेत.